वकिलाला आधी विचारा, हे करायलाच हवंय का?

घरातलं कोणी गेलं की तेराव्यापर्यंत सगळे गप्प असतात आणि चौदाव्या दिवशी कोणीतरी विषय काढतंच, फ्लॅटचं काय करायचं. आमचे काका या वर्षी गेले. काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, मृत्युपत्र केलेलं होतं आणि त्यात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारा, म्हणून माझं नाव (मला कोणी विचारलं नव्हतं, पण ते असो). दादरचा फ्लॅट आतेभावाला, बँकेतले पैसे आणि शेअर्स बाबांना आणि आत्याला. भांडण कोणाचंच नाही. तरी सोसायटीच्या सेक्रेटरींचं पहिलं वाक्य, "प्रोबेट आणा, मग बोलू." प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का.

म्हणून वकील शोधायला निघालो, आणि या कामाचा वकील आणि आपल्या ओळखीतला "कोर्टात असतो ना तो" वकील यात जमीनअस्मानाचा फरक आहे हे कळलं, म्हणून हे लिहितोय.

पहिले भेटले ते म्हणाले प्रोबेट कंपल्सरी आहे, मुंबईतली प्रॉपर्टी आहे, पर्याय नाही. ते पूर्वी खरंच होतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातल्या कलम २१३ मुळे मुंबई, चेन्नई, कोलकाता इथल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेट लागायचंच, आणि पुण्यातल्या माणसाला पुण्यातल्या फ्लॅटसाठी ते लागायचं नाही, असा सगळा विचित्र कारभार होता. पण डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं. हे त्यांना माहीतच नव्हतं की माहीत असून सांगितलं नाही, देव जाणे. वर म्हणाले आत्ता काही देऊ नका, काम झालं की फ्लॅटच्या किमतीच्या इतके टक्के द्या, नाही झालं तर काहीच नको. ऐकायला छान वाटतं, पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाला ठरवताच येत नाही. तिथून सरळ उठलो.

दुसऱ्यांचा सूर वेगळाच, ते म्हणे आता तरी ट्रस्ट करून ठेवा, वारसा कर वाचेल. कुठला वारसा कर? आपल्याकडे इस्टेट ड्युटी होती, १९५३ पासून, सगळ्यात वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता, आणि १९८५ मध्ये ती बंद झाली. तेव्हापासून वारशाने मिळालेल्या घरावर वारसाला कर नाही. ट्रस्टचा उपयोग आहे, नाही असं नाही, घरात मतिमंद मूल असेल, वारस अल्पवयीन असतील, एखाद्याच्या हातात एकदम पैसा देणं धोक्याचं असेल तर आहेच. पण आमच्याकडे बाबा ७८ वर्षांचे आणि आत्या त्यांच्याहून मोठी, ट्रस्ट कोणासाठी करायचा?

मग एका मैत्रिणीने तिच्या वडिलांचं काम केलेल्या बाई सुचवल्या, फक्त मृत्युपत्रं आणि वारसाहक्काचीच कामं करतात. त्यांनी फी, कोर्ट, सोसायटी काहीच काढलं नाही, आधी मृत्युपत्र मागितलं. मूळ प्रत, झेरॉक्स नाही. चष्मा वर सरकवून एकेक पान वाचलं आणि तिसऱ्या पानावर थांबल्या. तिथे फ्लॅटचा नंबर काकांनी पेनाने खोडून दुरुस्त केला होता. "इथे शेजारी त्यांची सही आहे, पण साक्षीदारांची नाहीये, बघा." आम्ही घरातल्या सगळ्यांनी ते पान वाचलं होतं, कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सुदैवाने पुढच्या पानावर फ्लॅटचा पत्ता पूर्ण आणि बरोबर होता, त्यामुळे निभावलं. मग विचारलं, दोन्ही साक्षीदार हयात आहेत का, कुठे असतात, काकांची सही ओळखू शकतील का. कारण उद्या कोणी हरकत घेतलीच तर निदान एका साक्षीदाराने कोर्टात सांगावं लागतं, आणि रजिस्टर केलेलं मृत्युपत्र असलं तरी त्यातून सुटका नाही.

मग मुद्द्याचा प्रश्न आला. मृत्युपत्र नसतं तर वारस कोण? काकांच्या बाबतीत बाबा आणि आत्या. त्या दोघांची संमती लेखी मिळेल का? मिळेल म्हटल्यावर म्हणाल्या, मग तुम्हाला प्रोबेट लागेलच असं नाही, मी सोसायटीला कायद्याच्या बदलाचं पत्र देते, दोघांची अॅफिडेव्हिट्स करू, आणि कमिटी तरीही अडली तर पुढे बघू. फक्त आतेभावाला लगेच विकायचा असेल तर विचार करा, घेणाऱ्याची बँक कर्ज देताना प्रोबेट मागू शकते आणि तेव्हा धावाधाव होते. वाद होणार असेल तर मात्र प्रोबेट केलेलं बरं, तेही वाद सुरू व्हायच्या आत. कारण अर्ज केला की वारसांना सायटेशन, म्हणजे कोर्टाची नोटीस, जातं, कोणी कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका असा अर्ज) टाकून हरकत घेतली की तो साधा अर्ज राहत नाही, दावा होतो, आणि मग वर्षं जातात.

स्वतःचं काम कमी करून सांगणारा वकील मला हाच पहिला भेटला, आणि मी तिथेच ठरवलं.

शेअर्सचं वेगळं. डीमॅटला नॉमिनी आतेभाऊ होता, त्याला वाटलं ते आपलेच. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त वारसांच्या वतीने ताबा घेतो. हे त्याला मी सांगितलं असतं तर वाईटपणा आला असता, बाईंनी सांगितलं आणि त्याने मुकाट ऐकलं. वकिलाची फी अर्धी इथेच वसूल.

फी त्यांनी टप्प्यांमध्ये लिहून दिली, कोर्टात जायची वेळ आली तर त्याची वेगळी, आणि कोर्ट फी वेगळी दाखवलेली. कोर्ट फीला महाराष्ट्रात वरची मर्यादा आहे, तेव्हा कोणी "फ्लॅट पाच कोटीचा म्हणून कोर्ट फीच इतकी" असा मोठा आकडा फेकला तर तपासून बघा. आणि मूळ कागद देताना पोच घ्या. फी राहिली म्हणून वकिलाला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा निकाल आहे, पण पोचच नसेल तर भांडणार कशावर?

टॅक्सचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं नाही, सीएकडे पाठवलं. काकांचं शेवटचं रिटर्न वारसाने भरायचं असतं, त्यासाठी पोर्टलवर आधी लीगल हेअर म्हणून रजिस्टर करावं लागतं. आणि पुढे फ्लॅट विकलाच तर कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीवरचा करपात्र नफा, काढताना काकांची खरेदीची किंमत धरतात, फ्लॅट जुना असल्याने १ एप्रिल २००१ ची किंमतही घेता येते. त्यामुळे खरेदीचा करारनामा शोधायला आतेभावाने सगळं कपाट रिकामं केलं, तो शेवटी काकूंच्या साडीच्या पिशवीत मिळाला.

सध्या बाबांची आणि आत्याची अॅफिडेव्हिट्स झालीत, पत्र सोसायटीत पोचलंय. सेक्रेटरी आता प्रोबेटचं नाव काढत नाहीत, इंडेम्निटी बाँड मागतायत, म्हणजे पुढे कोणी दावा केला तर सोसायटीचं नुकसान आम्ही भरू अशी लेखी हमी. तो टाईप होतोय.