आमची वाटचाल : एक फॉर्म, चार पत्ते

कोल्हापुरात राजारामपुरीत एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि डायल-अप, म्हणजे फोनच्या लाइनवरचं इंटरनेट. वेबसाइट बनवायच्या आमच्या धंद्याची सुरुवात एवढीच. तेव्हा वेबसाइट म्हणजे पाच पानं आणि शेवटी 'संपर्क'चा फॉर्म. पानं कुणीही करून देत होतं. फॉर्म भरला की मेल खरोखर पोचायचा, ते मात्र आमच्याकडं.

शिरोली एमआयडीसीतले फौंड्रीवाले अण्णा त्यामुळंच आले. त्यांच्या इन्क्वायऱ्या एकाच माणसाच्या मेलवर पडायच्या. तो चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेला आणि एका पंपवाल्याची कास्टिंगची चौकशी आठवडाभर तशीच राहिली. ऑर्डर हातची गेली. अण्णा दारातूनच बोलले, "चौघांना एकदम जायला पाहिजे. मला, पोराला, मार्केटिंगला, डिस्पॅचला. एक मेला तरी तिघं हैत."

तेव्हा सगळीकडं मॅट राइटची १९९५ ची फॉर्ममेल ही पर्ल भाषेतली स्क्रिप्ट चालायची. त्यात मेल कुणाला जायचा तो पत्ता पानातल्या लपवलेल्या फील्डमध्ये असायचा. 'व्ह्यू सोर्स' करून पानाचा कोड उघडला की जगाला दिसायचा. आम्ही एडिटप्लस या एडिटरमध्ये, सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेत स्वतःची लिहिली, पत्ते सर्व्हरवरच्या यादीत (अ‍ॅरेत) ठेवले. पीएचपीच्या मेल पाठवायच्या फंक्शनला पत्ते स्वल्पविरामानं जोडून द्यायचे, बस्स. आउटलुक या मेल प्रोग्रॅममध्ये पत्त्यांमध्ये अर्धविराम चालतो, त्या सवयीनं आमचा पोरगा तोच टाकून दुपारभर डोकं धरून बसला होता. तीच स्क्रिप्ट आम्ही मग सगळ्यांच्या साइटवर चढवली.

२००५ मध्ये ती अंगावर आली. अण्णांच्या डिस्पॅचवाल्याचा सकाळी फोन : "साहेब, औषधांच्या जाहिराती कोण पाठवतंय? दोनशेवर आल्यात." भरणाऱ्याचा ईमेल आम्ही जसाच्या तसा 'फ्रॉम' हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या वरच्या 'कुणाकडून' ओळीत, टाकत होतो. त्या एका ओळीच्या चौकटीत एंटर मारता येत नाही, म्हणून निर्धास्त. पण बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम, ब्राउझर उघडतो कुठं? तो मजकूर थेट सर्व्हरला पाठवतो. पत्त्यापुढं नवी ओळ, त्यात 'बीसीसी' (लपून प्रत पाठवायची ओळ) आणि पत्त्यांची रांग. अण्णांचे चौघं 'टू'मध्ये असल्यानं प्रत्येक जाहिरातीची एक प्रत त्यांनाही. चौघांना जात होतं म्हणून तर कळलं, हेही खरं.

होस्टिंगवाल्यांनी खातं बंद केलं. सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत. सगळी गिऱ्हाइकं एकाच सर्व्हरवर, सगळ्यांचे मेल ठप्प. चूक आमचीच होती.

पण आमच्याच खुर्चीत बसून एफटीपी (सर्व्हरवर फायली चढवणं) शिकलेल्या एकानं तोवर शाहूपुरीत दुकान थाटलं होतं. तो आमच्या गिऱ्हाइकांची यादी घेऊन दारोदार फिरला : "त्यांचा सर्व्हर स्पॅम पाठवतो." सात जण गेले. त्याच्या साइटवर आमचीच स्क्रिप्ट, तेच भोक! मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं अजून वाटतं.

तो अण्णांकडंही गेला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि मला फोन केला. "किती दिवस?" "चार." "मग चार दिवस फॅक्स."

रात्री जागून प्रत्येक फील्डमध्ये नवी ओळ शोधून असे फॉर्म नाकारायला लागलो. 'फ्रॉम' आपल्याच डोमेनचा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'त. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं डीमार्कचं, म्हणजे आपल्या नावानं आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं त्याचं, धोरण कडक केलं, तेव्हा 'फ्रॉम'मध्ये याहूचे पत्ते घालणाऱ्यांचे फॉर्म गळपटले, आमचे चालले. मधली वर्षं बरी गेली. आता मेल पीएचपीमेलर या तयार कोडनं, लॉगिन करून मेल सर्व्हरमार्फत (एसएमटीपी, पोर्ट ५८७) जातो, आणि मेल खरंच आमच्या डोमेनचा आहे हे दाखवणारे एसपीएफ आणि डीकेआयएम लावलेले.

कुणी विचारत नाही, तरी सांगतो. चौघांनाही 'टू'त घालू नका. अण्णांकडं तेच झालं : प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं उत्तर दिलं, आणि पार्टी वाट बघत बसली. 'टू'त एकच, ज्यानं उत्तर द्यायचं तो. बाकीचे 'सीसी'त. आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी यादीतून काढा, नाहीतर तुमच्या इन्क्वायऱ्या त्याच्या नव्या शेठला मिळतात. तसा एक पत्ता मी अण्णांच्या यादीत दोन वर्षांनी पकडला.

शाहूपुरीवाल्याचं आता तीन मजली ऑफिस आहे. गेल्या सोमवारी त्याच्या साइटवरचा फॉर्म मी दुसऱ्या नावानं भरला. आज नऊ दिवस झाले, उत्तर नाही.