तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे प्लेयर फुकट असताना स्वतःचा प्लेलिस्ट एडिटर, म्हणजे गाण्यांच्या याद्या लावायचा प्रोग्रॅम, कशाला?

मेहुणा तर दर दिवाळीला विचारतो. व्हीएलसी फुकट आहे, त्यात गाणी ओढून क्रम लावता येतो, यादी सेव्हही होते, मग तू दोन वर्षं शनिवार-रविवार कशात घातलेस? तर ऐका.

आईच्या भजनी मंडळाच्या जुन्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी होत्या, एकेक बाजू 45 मिनिटांची. त्या मी कॉम्प्युटरवर घेतल्या, अभंग सुटे केले, एमपीथ्री करून पेनड्राइव्हवर टाकून दिल्या. प्लेयरने लावल्या नावाच्या क्रमाने. म्हणजे आधी गवळण, मग पसायदान, मग भैरवी आणि सगळ्यात शेवटी रूपाचा अभंग. आई म्हणाली, "अरे पसायदान झालं की लोक उठतात!"

मग नावांपुढे आकडे टाकले, तर 1 नंतर 10. ते 01, 02 करून जमलं, पण तेच पसायदान एकादशीच्या यादीत चौदावं आणि गुरुवारच्या यादीत नववं, आता एका फाइलला दोन आकडे कसे देणार? कॉप्या करायच्या? तिथेच डोक्यात शिरलं की क्रम फाइलच्या नावात कोंबायचाच नाही, तो यादीचा आहे.

बरं, अशी यादी सेव्ह होते ती एमथ्रीयू फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एका फाइलचा पत्ता. पेनड्राइव्ह आज ई: आणि उद्या दुसऱ्या लॅपटॉपवर एफ: झाला की पूर्ण पत्ते लिहिलेली यादी मेली. म्हणून मी यादीची फाइल जिथे आहे तिथपासूनचा पत्ता लिहितो आणि सोबत फाइलच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा), म्हणजे कुणी नाव बदललं तरी सापडते. वाजवायचं काम अजूनही व्हीएलसीचीच लायब्ररी (तयार कोड) करते, त्यात मी हात घातलेला नाही.

सगळ्यात जास्त छळलं 'वारकऱ्यांचं भजन' या फाइलने. मित्राच्या जुन्या मॅकवरून आली, डोळ्यांना नाव तेच, प्रोग्रॅम म्हणतो फाइल नाही. दोन रात्री गेल्या. निघालं काय, तर 'ऱ' युनिकोडमधे (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असाही, आणि मॅकची ती जुनी फाइल सिस्टिम नावं फोडून ठेवायची. आता तुलना करण्याआधी दोन्ही नावं एकाच रूपात आणतो. एमपीथ्रीच्या आतच गाण्याचं नाव ठेवणाऱ्या जुन्या आयडीथ्री टॅगची वेगळीच गंमत, शीर्षकाला 30 बाइट जागा आणि यूटीएफ-8 या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं अक्षर काय, मात्रा काय, प्रत्येकी 3 बाइट, त्यामुळे 'रूपाचा अभंग' भरतो 31 आणि शेवटचा ग अर्धा कापला जातो! म्हणून नावं सरळ माझ्या डेटाबेसमधे.

ओढून खाली नेलेला अभंग एक घर जास्तच खाली जायचा तो बग मात्र निव्वळ माझा गाढवपणा, आधी काढला की खालचे सगळे एकेक घर वर सरकतात हे विसरलो होतो.

आईने स्वतःहून मागितलेली गोष्ट एकच. पसायदानाला कुलूप. आता त्याच्यापुढे छोटं कुलूप दिसतं आणि नवीन काहीही टाकलं तरी ते त्याच्या वरच बसतं. गेल्या आठवड्यात म्हणते, भैरवीलाही लाव.