आमची वाटचाल: जुना भाव, नवा भाव

आमच्या छापखान्याची एकरंगी ऑफसेट मशीनपासून दुरंगीपर्यंतची वर्षं सरळ गेली. सांगायचं आहे ते 2022 चं.

तेव्हा मॅपलिथो, म्हणजे छपाईचा पांढरा कागद, किलोला 62 वरून 79 रुपयांवर गेला. वाढ 17 रुपये. आमच्याकडे 17 ला 79 ने भागलं गेलं, साडेएकवीस टक्के आले आणि तेवढेच धरून चार कोटेशनं गेली. भागायचं असतं जुन्या भावाने. खरी वाढ 27.4 टक्के. प्रत्येक ऑर्डरीला जुन्या भावाने चार लाखांचा कागद, म्हणजे सहा टक्क्यांचे 24 हजार अंगावर. चारांचे 96 हजार. कागदवाल्याची उधारी थकली, मशीन विकायची वेळ आली.

तोंडी अंदाज घेतला असता तर चूक तिथेच सापडली असती. 62 चे 60 धरा. दहा टक्के म्हणजे 6, पाच टक्के म्हणजे 3. सहा, सहा आणि तीन मिळून 15 रुपये, झाले 25 टक्के. उरलेल्या दोन रुपयांचे तीनेक टक्के. एकूण 28. भाव कमी धरला म्हणून उत्तर किंचित जास्त येतं, तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस. कॅल्क्युलेटर 21 दाखवतोय तर काहीतरी उलटं भागलंय. भाव दोनदा चढला, 62 चा 68 आणि मग 79, तर दोन्ही वेळचे टक्के नुसते मिळवू नका. दुसरे टक्के 68 वर निघतात, म्हणून बेरीज 26 च येते, दीड टक्का हातचा जातो.

पुढच्या खेपेला घाबरून आम्ही अख्ख्या बिलावर 27 टक्के चढवले. पण बिलात कागद साठच टक्के. प्लेट, शाई, बाइंडिंगचे दर हललेच नव्हते. 27 चे निम्मे साडेतेरा, वर दहावा भाग 2.7, म्हणजे बिल वाढायला हवं होतं सोळा टक्क्यांनी. समोरच्या छापखान्याने बरोबर सोळा लावले, वह्यांचं काम उचललं आणि ‘हे लुटतात’ असं बाजारभर सांगितलं. चूक आमची होती, लूट नव्हती. ते शब्द अजून सलतात.

पतसंस्थेचे व्यवस्थापक तेवढे थांबले. ‘कागद वेगळा लिहा, छपाई वेगळी,’ म्हणाले आणि पासबुकं छापण्याच्या कामाची अर्धी रक्कम आगाऊ दिली. तेव्हापासून रीमचा, म्हणजे 500 कागदांच्या गठ्ठ्याचा, हिशेब कोटेशनवरच असतो: 23 इंच गुणिले 36 इंच गुणिले 70 जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), भागिले 3100, म्हणजे 18.7 किलो. किलोमागे 17 वाढले की रीममागे सव्वातीनशेच्या आत.

रजिस्टरात जुना भाव लाल पेनने, नवा निळ्याने, मध्ये तोंडी अंदाजाचा रकाना. तो कोरा असेल तर कोटेशनवर सही होत नाही.