चाळीसला दोन कमी

सोमवार

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज फेटाळला की लोक आधी तहसीलदाराच्या नावानं बोटं मोडतात. दिव्यांगाच्या अर्जात तहसील बहुतेक वेळा नुसतं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वाचतं. योजनेला किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. कागदावर 38 असतील तर तहसीलदाराच्या हातात काहीच उरत नाही, कारण खरा नकार त्याआधीच सिव्हिलच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या, वैद्यकीय मंडळासमोर झालेला असतो. म्हणून नकाराचं पत्र हातात आलं की आधी कारणाची ओळ वाचायची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या वर दिसतंय, 15 वर्षांचा रहिवास सिद्ध झालेला नाही, वय 65 च्या पुढे गेलंय, असं काही असेल तर भांडण तहसीलशी. टक्क्यांचं कारण असेल तर तहसीलच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही.

दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 1500 वरून 2500 झालंय. म्हणजे 38 आणि 40 मधल्या फरकाची किंमत आता वर्षाला 30,000. नंदुरबारच्या डोंगराळ भागातल्या, धडगाव-मोलगीकडच्या घराला ही रक्कम काय असते ते वेगळं सांगायला नको.

मंगळवार

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 58 प्रमाणपत्राचं आणि 59 अपिलाचं. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर राज्यानं नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. लोक नेमके इथेच अडतात, कारण त्यांच्याकडे निर्णयच नसतो. खिडकीवर कोणीतरी म्हणतं, ‘तुमचं बसत नाही, आप्पा,’ आणि आप्पा पिशवी उचलून एसटी स्टँडवर. तोंडी नकारावर अपील कशाच्या आधारावर लिहायचं? 2017 च्या नियमांत नकार कळवायला नमुना 8 दिलेला आहे आणि त्यात कारण लिहावं लागतं. टक्के कमी पडले असतील तर तेवढ्या टक्क्यांचं प्रमाणपत्र मागून घ्यायचं. 40 च्या आतल्यांना पांढरं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असतं, 40 ते 79 ला पिवळं, 80 पासून पुढे निळं. पांढऱ्या कार्डावर पेन्शन नाही, म्हणून लोक ते घेतच नाहीत. घ्यावं. तारीख, आकडा आणि शिक्का असलेला तोच कागद पुढे अपिलाला लागतो. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला लेखी विचारायचं आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्यायचा.

नुसत्या प्रमाणपत्रावर मात्र अपील उभं राहत नाही. मूल्यांकनाचा तक्ता हवा, म्हणजे डॉक्टरांनी काय मोजलं आणि कुठे किती धरलं तो कागद. साध्या अर्जावर मिळाला तर उत्तम. नाही तर माहिती अधिकार: 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात ‘माझ्या फाइलची माहिती’ असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. ‘अमुक तारखेच्या तपासणीतील मूल्यांकन तक्ता, ऑडिओग्राम, तज्ज्ञांचा अभिप्राय यांच्या छायाप्रती’ असं नाव घेऊन मागायचं (ऑडिओग्राम म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख). उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. मात्र माहितीची वाट पाहता पाहता मूळ अपिलाची मुदत उलटायला नको. एका पानाचं अपील आधी देऊन ठेवावं आणि ‘मूल्यांकनाच्या प्रती मिळाल्यावर पूरक म्हणणे सादर करीन’ असं त्यात लिहावं.

गुरुवार

आकड्यांबद्दल सविस्तर लिहून ठेवते, कारण सगळा गोंधळ त्यांच्यातच आहे.

हात आणि पाय दोन्हींत दोष असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा अ, लहान ब. सूत्र असं: अ + ब × (90 − अ) ÷ 90. पाय 30, हात 20 असेल तर 50 नाही, 43.3 येतात. शिवारात बसून जो 50 ची आशा लावतो त्याला 43 बघून फसवल्यासारखं वाटतं, पण हिशेब बरोबर असतो. याच्या उलटही घडतं. अर्धांगवायू झालेला माणूस लंगडत आत येतो, पाय मोजला जातो, आणि हाताचा रकाना कोराच राहतो. 30 वर गाडी थांबते. असा कोरा रकाना तक्त्यात सापडला तर अपिलात खरा दम आहे.

कानाचं गणित कठोर आहे. दोन्ही कानांचे टक्के वेगळे काढतात, चांगल्या कानाच्या टक्क्यांना 5 ने गुणतात, त्यात वाईट कानाचे मिळवतात आणि 6 ने भागतात. एक कान पूर्ण गेला, 100 टक्के, आणि दुसरा ठणठणीत असेल तर 100 भागिले 6, म्हणजे 17 च्या आसपास. एका डोळ्याचंही तसंच: एक पूर्ण गेला आणि दुसऱ्याची नजर चष्म्यासह 6/18 किंवा त्याहून चांगली असेल तर 30. अशा माणसाला कोणी ‘अपील करा, होऊन जाईल’ म्हणत असेल तर तो त्याच्या फेरतपासणीच्या जळगाव-धुळे भाड्याशी खेळतोय. दुसऱ्या कानाचा किंवा डोळ्याचा त्रास नंतर वाढला असेल, तर नव्या रिपोर्टवर पुन्हा मूल्यांकन मागणं हाच रस्ता.

मानसिक आजारात चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, शिवाय आजाराच्या कालावधीचे. एकूण 7 झाले की 40 टक्क्यांचं दार उघडतं. आता आपल्याकडची रीत बघा. डॉक्टर विचारतात, ‘कसं चाललंय?’ आणि उत्तर येतं, ‘बठ्ठं बरं शे,’ म्हणजे सगळं बरं आहे. पाहुण्याला द्यायचं उत्तर मंडळाला दिलं की गुण तिथेच गेले. सोबत रोजचं बघणारं माणूस हवं: आई, बायको, भाऊ. अंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, गेल्या कापूस वेचणीला किती दिवस कामावर गेला, बाजारातून एकटा परत येतो का, हे त्यांनी सांगायचं. घरकाम करणाऱ्या बाईचा कामाचा रकाना घरकामावर मोजायचा असतो. ‘नोकरी नाही, म्हणून लागू नाही’ अशी नोंद दिसली तर अपिलात तेवढ्याच ओळीवर बोट ठेवा.

नंदुरबार पट्ट्यात सिकलसेलचे (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे) अर्ज एका वेगळ्याच कारणानं परत येतात. शिबिरातल्या रक्ताच्या सोल्युबिलिटी चाचणीचा ‘पॉझिटिव्ह’ कागद जोडलेला असतो. ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट हवा, ज्यावर एएस की एसएस ते लिहिलेलं असतं. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. एसएस असेल तर सोबत रक्त चढवल्याच्या नोंदी आणि दवाखान्यात भरती झाल्याचे डिस्चार्ज कार्ड तारीखवार लावायचे.

शनिवार

अपिलाचा मजकूर. गरिबी, लेकरं, कर्ज हे सगळं खरं असतं, पण मंडळाला त्यावर टक्के देता येत नाहीत. एक पान पुरतं. वर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख, खाली हरकत, अशी: ‘दि. … रोजीच्या तपासणीत उजव्या हाताच्या स्नायूंची ताकद नोंदविलेली नाही. सोबत फिजिओथेरपी विभागाचा दि. … चा अहवाल जोडला आहे. हात व पाय दोन्हींचे एकत्रित मूल्यांकन व्हावे.’ प्रत्येक हरकतीला एक जोडपत्र. ज्या हरकतीला कागद नाही ती लिहू नये, तिच्यामुळे बाकीच्या पातळ होतात. पाय आखूड असेल तर टेपनं मोजलेलं सांगू नका, स्कॅनोग्राम (पायांच्या लांबीचा एक्स-रे) काढून आणा. अर्धांगवायूचं मूल्यांकन झटक्यानंतर सहा महिन्यांनी होतं. त्याआधी तपासणी झाली असेल तर अपिलापेक्षा थांबून नवा अर्ज करणं शहाणपणाचं.

फेरतपासणीला बहुधा सरकारी मेडिकल कॉलेजात जावं लागतं. विभाग आणि वार आधी फोन करून नक्की करा, अस्थिरोगाचा वार वेगळा, कानाचा वेगळा. मूळ कागद आणि छायाप्रतींचे दोन संच न्या. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), काठी, कानाचं यंत्र, जे रोज वापरता ते सोबत असू द्या. घरी ठेवून गेल्यानं टक्के वाढत नाहीत, कानाची मोजणी तशीही यंत्र काढूनच होते. आणि जास्त लंगडून दाखवू नका. सांधा कोनमापकानं मोजतात, ताकद हाताला हात लावून बघतात, कानाबद्दल शंका आली तर बेरा (आवाजाला मेंदू-नसांचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) करतात. एक नाटक पकडलं गेलं की खऱ्या त्रासावरही विश्वास उरत नाही.

रुग्णालयाच्या फाटकाशी ‘पंचेचाळीस करून देतो’ म्हणणारे भेटतात. खोटेपणानं दिव्यांगांचा लाभ घेतला तर कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रमाणपत्रावर नाव आपलं असतं, एजंटचं नसतं.

टक्के काही केल्या बसणारच नसतील, तर संजय गांधीचंच दुसरं दार बघायचं. कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग, पक्षाघात, एचआयव्ही, सिकलसेल यांचे रुग्ण त्या आजाराच्या नावावरही अर्ज करू शकतात. मात्र उत्पन्नाची मर्यादा तिथे 50,000 नाही, 21,000 आहे, आणि वाढीव 2500 दिव्यांगांसाठीच आहेत, या दारानं 1500. तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घेताना हा आकडा डोक्यात ठेवा. दिव्यांगाच्या अर्जासाठी काढलेला 45,000 चा दाखला इथे जोडला तर अर्ज पुन्हा परत येईल.