ठेवते हं, पैसे उठतात तुझे

आमच्या आजीचा फोनवरचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली वॉचमनपर्यंत पोचतो. माणूस अमेरिकेतला असो की पलीकडच्या गल्लीतला, तिच्या लेखी सगळे ट्रंककॉलच. मागे माझी घरूनच मीटिंग चालू होती आणि हॉलमध्ये तिचं आत्याशी "गुडघ्याला तेल लावलंस का गं?" सुरू झालं. मी दारातून डोळे मोठे करून हाताने "हळू" अशी खूण केली. ती चपापली, आणि दोन मिनिटांत फोन ठेवला.

त्याच आठवड्यात 'मेक वे फॉर टुमारो' पाहिला. 1937 चा, कृष्णधवल, दिग्दर्शक लिओ मॅकॅरी. मंदीचे दिवस. कर्जापायी बँक घर घेते आणि म्हातारा-म्हातारी दोन मुलांकडे वाटली जातात: बार्कली एका मुलीकडे, ल्यूसी न्यूयॉर्कला मुलाकडे. सुनेकडे ब्रिजचा क्लास भरलाय, टेबलांवर पत्ते वाटलेत. मध्येच ल्यूसीला नवऱ्याचा फोन येतो. ती ओरडून बोलते, अगदी आमच्या आजीसारखी. आधी लोक वैतागतात. मग हळूहळू खोलीतले पत्ते थांबतात. कोणी कोणाकडे बघत नाही. बोलणं तरी काय? तब्येतीची विचारपूस, थंडीची काळजी. मला मात्र माझे ते मोठे केलेले डोळे आठवत राहिले.

मॅकॅरी मूळचा विनोदी माणूस. लॉरेल-हार्डीची जोडी जमवण्यात त्याचा मोठा वाटा. म्हणूनच की काय, इथे तो कोणालाच खलनायक करत नाही. सूनही वाईट नाही, तिचा क्लास आहे, जागा अपुरी आहे. (खलनायक असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.) ल्यूसी झालेली ब्युला बाँडी तेव्हा पन्नाशीचीही नव्हती, हे वाचून मी फोनचा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. वय मेकअपमध्ये नाहीच, ते त्या रिसीव्हर धरण्यात आहे.

शेवट गोड करा, असा पॅरामाउंट स्टुडिओचा आग्रह होता. मॅकॅरीने ऐकलं नाही. सिनेमा चालला नाही, त्याची तिथली नोकरीही गेली. त्याच वर्षी दुसरीकडे केलेल्या 'द ऑफुल ट्रुथ' या विनोदी सिनेमाला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा हा म्हणाला, आभारी आहे, पण चुकीच्या सिनेमासाठी दिलंत. पुढे जपानी दिग्दर्शक ओझूच्या 'टोकियो स्टोरी' या सिनेमामागची प्रेरणाही हाच सिनेमा होता.

आणि तो शेवट. म्हातारा कॅलिफोर्नियाला दुसऱ्या मुलीकडे निघालाय. ल्यूसीची रवानगी वृद्धाश्रमात होणार, पण ते तिने त्याला कळू दिलेलं नाही. त्याआधी दोघं न्यूयॉर्कमध्ये काही तास मनसोक्त भटकतात. पन्नास वर्षांपूर्वी मधुचंद्राला उतरले होते त्या हॉटेलात जातात, मुलांकडचं जेवण चुकवतात. स्टेशनवर हसून निरोप. गाडी जाते. ती फलाटावर क्षणभर उभी राहते.

काल आजीला मीच ऑफिसातून फोन लावला. म्हटलं, बोल निवांत. जेवलास का, डबा पुरला का, पाऊस आहे का, एवढं झालं आणि ती ओरडली, "ठेवते हं, पैसे उठतात तुझे!" पॅक अनलिमिटेड आहे हे तिला चार वेळा सांगून झालंय. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ते ऐकू गेलं असणार.