वाफ त्यांची, वाफ आपली

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, चौदा डबे आणि तीन इंजिनं. ती इंजिनं कधीच मोडीत निघाली, पण इंग्रजी बोलण्यातून वाफ काही गेली नाही. 'लेट ऑफ स्टीम' म्हणजे आत कोंडलेला राग बोलून, ओरडून मोकळा करणं. पोरं शाळा सुटल्यावर मैदानभर उंडारतात, तेही यातच आलं. मूळ आहे बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की स्प्रिंगने दाबून धरलेली झडप उचलली जाते, जादाची वाफ फुस्सकन बाहेर पडते आणि दाब उतरला की झडप पुन्हा बसते. ती अडकली तर बॉयलर फुटतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या कुठल्याही स्वयंपाकाच्या ओट्यावर सकाळी हेच चाललेलं असतं. फक्त कुकरच्या शिटीला स्प्रिंग नसते, ती स्वतःच्या वजनाने बसते. त्यामुळे या वाक्प्रचारात दोष देणं नाही. वाफ गेली, बरं झालं.

आपली वाफ तोंडाची, आणि ती गेली की फुकट गेली. 'कशाला तोंडाची वाफ दवडतेस?' म्हणजे समोरचा ऐकणारा नाही, गप्प बस. याचं शब्दाला शब्द लावून 'डोन्ट लेट ऑफ स्टीम' केलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल, राग गिळ म्हणताहेत. तिथे 'सेव्ह युवर ब्रेथ' हवं.

साइडिंगचंही तेच. मेलला वाट द्यायला मालगाडी बाजूच्या रुळावर घेतात. इंग्रजीत 'साइडट्रॅक' होतो तो बहुधा बोलता बोलता विषय सोडून भरकटलेला माणूस. मराठी ऑफिसात मात्र 'साहेबांनी त्याला साइडिंगला टाकलं', म्हणजे खुर्ची आहे, काम नाही. मराठीने इथे रेल्वे जास्त नीट पाहिली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

'लाइट ॲट द एंड ऑफ द टनेल'ला आपण 'आशेचा किरण' म्हणून मोकळे होतो. पण किरण कुठूनही येतो. बोगद्यात मागचा अंधार मोजलेला असतो आणि पुढचा थोडा उरलेला असतो. कळव्यापुढचा १९१६ चा पारसिक बोगदा सुमारे १.३ किलोमीटरचा, हा वाक्प्रचार वापरायचा तो त्याच्या आत असताना. कर्जाचे शेवटचे चार हप्ते उरलेत, तेव्हा. हप्ते फिटल्यावर नव्हे. तोवर गाडी दिवा स्टेशनला पोहोचलेली असते.