मधल्या बाकावरचं 'बरं'

रविवार, रात्रीचे पावणेअकरा

तसं बघितलं तर आज काहीच झालेलं नाही. कुणी वाकडं बोललं नाही, फादर चिडले नाहीत, चार्टसुद्धा भिंतीवरनं पडला नाही. चर्चमधल्या माझ्या रविवारच्या वर्गात एका पोरानं 'बरं' म्हटलं, एवढंच झालंय. 'बरं' म्हणाला, वर केलेला हात खाली घेतला आणि वहीत बघायला लागला. तेव्हापासनं ते 'बरं' माझ्या मागंमागं फिरतंय, मटणाला फोडणी देताना, दुपारी जरा आडवी झाले तेव्हा, आत्ता भांडी घासताना. हे म्हणाले काय बिनसलंय, म्हटलं काही नाही, गुडघा दुखतोय. गुडघा दुखतोयच म्हणा.

कन्फेशनचा धडा होता, म्हणजे आपली पापं फादरांना सांगून माफी मागायची त्याचा. आधी रुमाल दाखवला, दरवर्षी दाखवते. पांढराशुभ्र रुमाल, हा आपला आत्मा. मग शाईच्या पेनातनं एक थेंब, हे खोटं बोलणं, दुसरा थेंब, ही चोरी, आणि शाई अशी दोऱ्यादोऱ्यातनं पसरत जाते आणि पोरं आ वासून बघत बसतात. बावीस वर्षांत हा रुमाल कधी फेल गेलेला नाही. हल्ली व्हिडिओ दाखवा म्हणतात, दाखवते की, पण थेंब पसरताना वर्ग जसा गप्प होतो तसा व्हिडिओला होत नाही.

मग प्रॅक्टिस. कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर थोरलीची जुनी ओढणी, पलीकडं खुर्चीवर मी, म्हणजे फादर, अलीकडं पोरगं गुडघे टेकून. क्रुसाची खूण करायची, "फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलंय" म्हणायचं आणि मग खोटी खोटी पापं सांगायची. खरी सांगायची नाहीत हे मी तीनतीनदा बजावते, कारण एकदा एकीनं खरं सांगितलं होतं आणि ते मी अजून पोटात घेऊन फिरतीय, असो. आज पहिलीनं भावाचं खोडरबर चोरलं. तिच्यामागनं आलेल्या चौघांनीही भावाचं खोडरबरच चोरलं, ज्याला भाऊच नाही त्यानंसुद्धा. एकजण म्हणाला, "टीचर, कमीत कमी किती पापं लागतात?" मी ओढणीआड तोंडाला पदर लावला. छान चाललं होतं खरंच.

मग मधल्या बाकावरचा चष्मेवाला. त्याचा नंबर आलेला नव्हता, बसल्या जागेवरनंच हात वर. "टीचर, पाहुण्यांच्यात गणपतीला आरतीचं ताट धरलं, तर ते कन्फेशनमध्ये सांगायचं?"

मी म्हटलं, "हो, सांगायचं," आणि पुढच्याला बोलावलं.

"बरं."

कोल्हापुरात 'बरं'चे प्रकार काय कमी आहेत. 'बरं बरं' म्हणजे निघा आता. 'बरं की' म्हणजे मनापासनं. 'बऽऽरं' असं लांबवलं की बघून घेतो तुला. ह्याचं यातलं कुठलंच नव्हतं. दुकानात साखर संपली म्हटल्यावर गिऱ्हाईक 'बरं' म्हणतं आणि पायरी उतरतं, ते हे 'बरं'. राग नाही, वाद नाही. दुसऱ्या दुकानात बघू.

आता मी चुकीचं काय सांगितलं? पहिली आज्ञा, दुसरा देव मानू नको, ती पहिलीच आहे, ती काही मी केलेली नाही. आणि शंका असेल तर फादरांना सांगून टाकावं, मन हलकं होतं, हेही खरंच आहे. पण मग ते बाकीचं का नाही आलं तोंडात? १९९२ चा तो जाडजूड कॅटेकिझम, चर्चच्या शिकवणुकीचं पुस्तक, माझ्या कपाटात आहे, २८६५ परिच्छेद, त्यातला १८५७ वा मला पाठ आहे. भारी पाप व्हायला तीन गोष्टी एकदम लागतात, गोष्ट गंभीर पाहिजे, करणाऱ्याला ती पुरती कळलेली पाहिजे आणि त्यानं आपणहून ठरवून ती केलेली पाहिजे. दरवर्षी तीन रंगांच्या खडूंनी फळ्यावर लिहिते मी हे. आणि आज वेळ आली तेव्हा तिन्हीतलं एकही विचारलं नाही. कुणाच्या घरी, कधी, कुणी धरायला लावलं, तुला काय वाटलं, काही नाही. खिडकीवरच्या क्लार्कसारखं, हो, सांगायचं, नेक्स्ट.

चर्चनं कम्युनियनचं, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला लागायचं, वय सातच्या आसपास आणलं ते १९१० साली, दहाव्या पायसनी. सात म्हणजे समज येण्याचं वय. हा आठ वर्षांचा आहे. मी पंचावन्न.

एवढ्याशावरनं एवढं लावून घ्यायचं काय कारण, असंही वाटतं. कोण करतं सांगा हे. रविवारी सकाळी अख्खं कोल्हापूर मिसळ नाहीतर मटणाच्या लाइनीत असतं आणि मी कात्री-फेव्हिकॉल पिशवीत घालून केएमटीच्या बसची वाट बघत उभी. खडू माझ्या पैशाचे, चार्टपेपर माझ्या पैशाचे, बक्षिसाची चॉकलेटं माझ्या पैशाची. पोरगं आलं नाही म्हणून घरी फोन करावा तर आई सांगते आज मॅच आहे त्याची, पुढच्या रविवारी नक्की, आणि पुढच्या रविवारी स्कॉलरशिपचा क्लास. फुटबॉलपुढं या गावात देवाचंही काही चालत नाही. बाहेर कुणाला सांगितलं की चर्चमध्ये शिकवते तर लगेच, "म्हणजे वाइल्डर चर्च काय?" नाही हो, ते प्रोटेस्टंट, अमेरिकन मिशनचे वाइल्डरसाहेब १८५२ ला इथं आले तेव्हापासनंचं ते, आम्ही कॅथलिक. "म्हणजे एकच की." बरं, एकच. (हे माझं 'बरं'. पायरी उतरायचं.)

आणि जरा काही झालं की आमच्यातल्याच म्हणणार, टीचर जुन्या पद्धतीनं शिकवतात. शिकवते. मला मास्तरांनी छडी हातात धरून शिकवलंय, तुला कोणी निर्माण केलं, देवानं, कशासाठी केलं, त्याला ओळखावं, त्याच्यावर प्रेम करावं, त्याची सेवा करावी म्हणून. झोपेत उठवून विचारलं तरी येतं. एका प्रश्नाला एक उत्तर, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. हे काही माझ्यापासनं सुरू झालेलं नाही. फादर थॉमस स्टीफन्सनी गोव्यात कोकणीत असंच शिकवणुकीचं पुस्तक केलं होतं, ते गेल्यावर १६२२ ला छापून निघालं. पण त्याच्या आधी १६१६ ला त्यांचं ख्रिस्तपुराण आलं, मराठी ओव्यांचं, म्हणजे त्या माणसाला तेव्हाच कळलं असणार की नुसत्या शिकवणुकीवर लोकांचं भागत नाही, त्यांना कथा लागते, कुणीतरी निवांत बसून सांगितलेली. चारशे वर्षं झाली त्याला. मला आज सकाळी कळायला काय झालं होतं.

आप्पांना, आमच्याकडच्या जुन्या धर्मशिक्षकांना, निवांत बसता यायचं. सायकल भिंतीला टेकवायची आणि ज्याच्या घरी गेले त्याच्या उंबऱ्यावरच. फादर महिन्यातनं एकदा यायचे, बाकी सगळं आप्पा, प्रार्थना, आजारी माणसं, माती देणं. आधी विचारायचे, जेवलासा का. पुढं मग. आप्पांचं आज नको.

२०२१ च्या मेमध्ये पोप फ्रान्सिसनी कॅटेकिस्ट, म्हणजे माझ्यासारखे धर्म शिकवणारे, ही रीतसर सेवा म्हणून जाहीर केली, बिशपांच्या हातनं विधी होऊन द्यायची. फादरांनी मिस्सानंतर, चर्चमधली उपासना झाल्यावर, सांगितलं तेव्हा मला भरून आलं होतं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आता पगार चालू होणार काय?" तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते मी ह्यांच्याशी. आत्ता आठवून हसू आलं. लिहिता लिहिता एकटीच हसतीय, बघितलं तर म्हणतील गुडघ्याचं डोक्यात गेलं.

त्याच सुमाराच्या ट्रेनिंगमध्ये एक फादर म्हणाले होते की कॅटेकिस्ट हा शब्द ग्रीकमधला, मुळात अर्थ घुमवणं. आवाज असा द्यायचा की पोराच्या आत तो घुमत राहिला पाहिजे. मी डायरीत लिहून खाली लाल रेघ मारली होती. आज घुमतंय खरं, फक्त उलट्या बाजूनं.

त्यांनीच बायबलमधली अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट घेतली होती. येशूला क्रुसावर मारलंय म्हणून दोघं शिष्य तोंड पाडून चाललेत, परत जिवंत झालेला येशू मागनं येऊन सोबत चालायला लागतो, ते त्याला ओळखत नाहीत. तो विचारतो काय बोलत चाललाय, ते म्हणतात तुला एकट्यालाच माहीत नाही काय झालं ते, तर तो म्हणतो, कसल्या गोष्टी? ज्याच्यावर सगळं गुदरलं तोच विचारतोय, कसल्या गोष्टी. आणि मग त्यांना सगळं बोलू देतो. शास्त्र समजावतो ते त्यानंतर. मी हे फ्लॅनेलच्या बोर्डवर चित्रं चिकटवून शिकवलंय कितीदा तरी, चालणारे पाय मी स्वतः कापलेत पुठ्ठ्याचे.

कसल्या गोष्टी. एवढं विचारायला काय जात होतं.

आणि गंमत म्हणजे मला तसं सगळं कळलेलं होतं, साडेअकराला गेटवर. त्याची आई स्कूटर चालू करत होती, मला बघून बंद केली. "टीचर, ह्याच्या शर्टाला कायतरी सांगा की, एकच चांगला शर्ट हाय, चर्चला येताना घालतोय. कागलला गेलेलो गणपतीत, आमच्या दादांचा, ह्याच्या आजोबांचा, हात थरथरतोय नव्हं हल्ली, ते म्हणाले तू धर बाळा ताट, आणि निरांजन कलंडलं. दोनदा धुतला, तेल काय निघंना." मी म्हटलं हो का, अगंबाई, आणि बस आली म्हणून पळाले.

तो डाग मी त्याच्याही आधी बघितला होता. वर्गात शिरताना. तिसऱ्या बटणाच्या बाजूला, रुपयाएवढा, पिवळट. आणि मी म्हणाले होते, सगळ्यांसमोर, हसतच म्हणाले होते पण म्हणाले होते, "काय रे, शर्ट धुतला नाहीस? देवाच्या घरी असं येतात?"

आणि त्यानंतर दहा मिनिटांनी रुमाल काढला.

हे आत्ता लिहिताना जुळलं. सकाळपासनं मी गणपती, पहिली आज्ञा, १८५७ असलं काय काय लावून बघतीय आणि पोरानं विचारलं होतं ते निराळंच. माझ्या रुमालावर दोन थेंब, त्याच्या शर्टावर एक. पांढऱ्यावर डाग म्हणजे पाप, हे मीच सांगितलं, शाई ओतून दाखवलं. त्यानं खाली मान घालून स्वतःच्या शर्टाकडं बघितलं असणार. आजोबाचा हात थरथरत होता म्हणून ताट धरलं, त्याचा डाग पडला, धुऊन जात नाही, मग ते सांगायचं का? आणि टीचर म्हणाल्या, हो.

बावीस वर्षं फेल न गेलेला रुमाल.

पुढच्या रविवारी धडा परत घ्यायचा. रुमाल नको. उधळ्या मुलाची गोष्ट घ्यावी, तो डुकरांतनं उठून घरी येतो तेव्हा बाप त्याचे कपडे बघत बसत नाही, पळत जाऊन मिठी मारतो. आणि त्याला आधी बाजूला घेऊन विचारायचं, ताट जड होतं का रे? तो काय सांगेल ते ऐकायचं. कदाचित काहीच सांगणार नाही, म्हणेल नव्हतं, आणि खेळायला पळेल. आठ वर्षांचं पोर आहे, एव्हाना विसरूनही गेलं असेल आणि मी इथं बसलीय पावणेबाराला वही घेऊन. फादरांच्याही कानावर घालते, म्हणजे खरी कन्फेशन होईल तेव्हा ते सांभाळून घेतील. हसतील आधी.

रुमाल साबणाच्या पाण्यात टाकलाय. शाई जात नाही, दरवर्षी नवा घ्यावा लागतो, तोही माझ्याच पैशाचा.

त्याच्या आईला आत्ताच मेसेज टाकला, एवढ्या रात्री टाकायला नको होता पण टाकला. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी झटकून भांड्याचा साबण लावा, निघेल. आणि नाही निघाला तरी तोच शर्ट घालून पाठवा, मी उगीच बोलले त्याला.

दोन निळ्या टिका आल्या. टायपिंग, टायपिंग, टायपिंग.

'बरं टीचर.'